क्रिएटिनिन वाढण्याआधी

बारामती तालुक्याचे जिरायत आणि बागायत असे दोन भाग सरळ पडतात. सुपे, मोरगाव ही गावं जिरायत पट्ट्यातली. पाऊस बेताचा, माळरान मोठं, आणि घर चालवायला शेळ्यामेंढ्यांचा नि दुभत्या जनावरांचा आधार. सुप्याजवळच मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य अवघं ५.१४ चौरस किलोमीटरचं असून ते चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे. नीरा डाव्या कालव्याचं पाणी जिथे पोचतं तिथे मात्र चित्र पालटतं. ऊस, द्राक्षं, डाळिंबं, आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगरचे साखर कारखाने. चिंकारा पाणवठ्यावर न जाता झाडपाल्यातल्या ओलाव्यावर बराच काळ काढू शकतो, कारण त्याची किडनी पाणी परत ओढून घेते आणि लघवी अतिशय दाट करते. उसाच्या फडात भर उन्हात कोयता चालवणाऱ्या माणसाच्या किडनीला ते तेवढं जमत नाही.

किडनी बिघडायला लागली आहे हे किती लवकर कळू शकतं, या प्रश्नाचा हा आढावा आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बरंच पुढे सरकलं, आणि ते सरकलं प्रामुख्याने प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमुळे. त्या प्राण्यांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान औषध कंपन्यांच्या फायलींत आणि मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत नांदतं आहे. फडातला मजूर, गोठ्यातली गाय आणि आभाळातलं गिधाड यांच्यापर्यंत ते फार थोडं पोचलं. ते पोचवणं शक्य आहे आणि त्यातला बराचसा भाग स्वस्तही आहे, असं माझं ठाम मत आहे.

आधी नेहमीच्या तपासणीबद्दल. कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये किडनीची तपासणी सांगितली की रक्तातला युरिया आणि क्रिएटिनिन मोजतात. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी तो गाळून बाहेर टाकते. गाळणं कमी झालं की तो रक्तात साठतो. माक्स याफे या जर्मन वैज्ञानिकाने १८८६ साली पिक्रिक आम्लाशी होणारी त्याची नारिंगी रंगाची प्रक्रिया नोंदवली, आणि तिच्यावर आधारलेली पद्धत आजही असंख्य लॅबमध्ये वापरात आहे. पद्धत स्वस्त आहे, सोपी आहे. अडचण आहे ती उशिराची. किडनीची राखीव ताकद अफाट असते. जो माणूस आपली एक किडनी दान करतो त्याच्या गाळण्या एका दिवसात निम्म्या होतात, तरी त्याचं क्रिएटिनिन पुष्कळदा सामान्य मर्यादेच्या आसपासच राहतं. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तकं सांगतात की किडनीचं सुमारे ७५ टक्के काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन मर्यादेबाहेर जात नाही. म्हणजे अहवालातला आकडा लाल शाईत येतो तेव्हा दुरुस्तीची वेळ बहुधा टळलेली असते.

शिवाय क्रिएटिनिन सांगतं ते गाळणीबद्दल. किडनीला विष लागतं ते अनेकदा गाळणीच्या पुढच्या नलिकेत. रक्त गाळून आलेल्या पाण्यातलं मीठ, साखर, प्रथिनं परत शोषून घेणारी ही नलिका. तिच्या पेशी सतत राबत असतात आणि औषधं, जड धातू, विषं त्यांच्याच आत साठतात. जेंटामायसिन हे प्रतिजैविक किंवा सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध नेमकं इथे घाव घालतं. गाळणी शाबूत आणि नलिका जखमी, अशी अवस्था कित्येक दिवस राहू शकते आणि त्या दिवसांत क्रिएटिनिन गप्प असतं.

ही चुप्पी फोडली प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराने. १९९८ साली अमेरिकेत जोसेफ बॉनव्हेंत्र यांच्या गटाने रॅटच्या किडनीचा रक्तपुरवठा थोडा वेळ रोखून नंतर पेशींत कोणती जनुकं जागी होतात ते शोधलं. निरोगी किडनीत जवळपास न सापडणारं एक प्रथिन जखमी नलिकेच्या पेशींवर मोठ्या प्रमाणात उगवलेलं दिसलं. त्याला किम-१ असं नाव मिळालं. त्याचा बाहेरचा तुकडा सुटून लघवीत येतो, त्यामुळे प्राणी न मारता तो मोजता येतो. पुढे असंही दिसलं की हे प्रथिन जखमी नलिकेच्या जिवंत पेशींना आजूबाजूच्या मेलेल्या पेशी गिळून साफसफाई करायची क्षमता देतं. २००३ च्या सुमारास एनगॅल हे दुसरं प्रथिन पुढे आलं. उंदरांच्या किडनीला इजा झाल्यावर काही तासांतच ते लघवीत वाढतं. त्याची एक खोड आहे. ते पांढऱ्या पेशींतूनही येतं, म्हणून लघवीत जंतुसंसर्ग असला की आकडा फसवा होतो.

अशा खुणा अनेकांनी शोधल्या, पण एका प्रयोगशाळेची खूण दुसरीने मानायची कशी? औषध कंपन्या एरवी आपली माहिती एकमेकींना देत नाहीत. इथे त्या एकत्र आल्या. अमेरिकेतल्या क्रिटिकल पाथ इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २००६ साली त्यांचा एक संघ झाला, त्यांनी रॅटवरच्या प्रयोगांचे आकडे एकत्र केले, आणि जून २००८ मध्ये अमेरिकेच्या नि युरोपच्या औषध नियामकांनी लघवीतल्या सात खुणा रॅटवरच्या सुरक्षा-चाचण्यांसाठी मान्य केल्या: किम-१, अल्ब्युमिन, एकूण प्रथिनं, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, सिस्टॅटिन-सी, क्लस्टेरिन आणि ट्रेफॉइल फॅक्टर-३. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या प्रत्यक्ष जखमेशी ताडून त्या पारखल्या होत्या, हे त्यातलं सर्वांत महत्त्वाचं. माणसापर्यंत यायला आणखी दहा वर्षं लागली. २०१८ साली अमेरिकेच्या नियामकाने निरोगी स्वयंसेवकांवरच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचण्यांसाठी सहा खुणांचा एकत्रित निकष मान्य केला.

ही तपासणी प्रत्यक्ष कशी होते हे समजून घेतलं तर तिच्या मर्यादाही कळतात. रॅटला एकट्याला एका खास पिंजऱ्यात ठेवतात. तळाला जाळी, जाळीखाली लेंड्या आणि लघवी वेगवेगळी करणारं नरसाळं, खाली बर्फात ठेवलेली नळी. रात्रभराची लघवी गोळा होते. खाद्याचा भुगा त्यात पडला तर नमुना वाया जातो. नळी गार नसली तर प्रथिनं तुटतात. प्राण्याने पाणी जास्त प्यायलं तर लघवी पातळ आणि खूण कमी दिसते, म्हणून प्रत्येक आकडा लघवीतल्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडावा लागतो. मग ९६ खाचांच्या प्लास्टिकच्या पट्टीत प्रतिपिंडांची चाचणी. रक्तातलं क्रिएटिनिन उंदरात याफेच्या पद्धतीने मोजलं तर तेही फसतं, कारण त्यांच्या रक्तातले इतर पदार्थ तसाच रंग देतात आणि आकडा फुगतो. त्यासाठी एन्झाइमची पद्धत लागते. एवढं सगळं नीट झालं तरी शेवटचा शब्द किडनीच्या पातळ कापाचाच असतो. पिंजऱ्याचंही काही खरं नाही. कळपात राहणारा हा प्राणी जाळीवर एकटा ठेवला की धास्तावतो, वजन गमावतो, आणि ती धास्तीसुद्धा निकालात उतरते. पाणी न शोषणाऱ्या वाळूवर लघवीचे थेंब गोळा करायची सौम्य पद्धत आता उपलब्ध आहे. ती सर्वत्र वापरायला हवी.

एका जातीच्या प्राण्याची साक्ष दुसऱ्याला किती लागू पडते, इथे या विषयाचं खरं कोडं आहे. नर रॅटच्या यकृतात अल्फा-२यू-ग्लोब्युलिन नावाचं प्रथिन भरपूर तयार होतं. पेट्रोलमधली काही रसायनं किंवा संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन त्याला चिकटलं की ते नलिकेत साठतं आणि किडनी बिघडते. मादी रॅटला हे होत नाही, माणसाला होत नाही. म्हणून नियामक हा बिघाड माणसाच्या बाबतीत मोजत नाहीत. रॅट म्हातारा झाला की त्याची किडनी आपोआपच झिजते, आणि लांबलेल्या प्रयोगांत ही झीज औषधाच्या माथी मारली जाऊ शकते. गाय, शेळी, मेंढी यांची गोष्ट आणखी वेगळी. रवंथ करणारं जनावर रक्तातला युरिया लाळेतून आणि पोटाच्या भिंतीतून रुमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या मोठ्या कप्प्यात, परत नेतं, तिथले जंतू त्याचं प्रथिन बनवतात. त्यामुळे गायीच्या रक्तातला युरिया वाढलेला नाही म्हणजे किडनी ठीक आहे असं म्हणता येत नाही. आणि रॅटसाठी बनवलेलं किम-१ चं किट शेळीच्या लघवीला चालेलच असं नाही, कारण प्रतिपिंड त्या त्या जातीच्या प्रथिनाला ओळखतात.

या कोड्याची सर्वांत मोठी किंमत भारतात गिधाडांनी मोजली.

डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक माणसांत दशकानुदशकं वापरात होतं. नव्वदच्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागलं. लंगडणारा बैल, सुजलेली कास, ताप, सगळ्यांवर एक इंजेक्शन. जनावराला ते मानवत होतं. पण औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं आणि उघड्यावर टाकलं, तर ते खाणारं गिधाड मरत होतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव उद्यानात गिधाडं झपाट्याने घटत असल्याचं नव्वदच्या दशकात नोंदवलं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घसरली, लांब चोचीच्या गिधाडांची सुमारे ९७ टक्क्यांनी. मुंबईत डुंगरवाडीच्या दखम्यांवर पारशी समाजाच्या अंत्यविधीची, गिधाडांवर विसंबलेली शतकांची रीत अडली आणि सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली.

कारण काही वर्षं कळेना. साथ असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालले होते. उलगडा झाला तो किडनीच्या तपासणीतून. पाकिस्तानच्या पंजाबात लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी २००० ते २००३ मध्ये मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन केलं. तपासलेल्या २५९ पक्ष्यांपैकी ८५ टक्क्यांच्या काळजावर, यकृतावर, किडनीवर खडूसारखा पांढरा थर होता. पक्षी नायट्रोजनचा कचरा युरियाऐवजी युरिक आम्लाच्या रूपाने टाकतात; किडनी बंद पडली की तेच आम्ल आतल्या अवयवांवर साचतं. असा थर असलेल्या ज्या २५ गिधाडांची किडनी तपासली त्या सगळ्यांत डायक्लोफिनॅक सापडलं, आणि थर नसलेल्या १३ पैकी एकातही नाही. २००४ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढचा हिशेब आणखी धक्कादायक होता. उघड्यावर पडणाऱ्या मढ्यांपैकी शंभरात एकाहून कमी मढ्यांत हे औषध असलं तरी एवढी घसरण होऊ शकते.

इथे क्रिएटिनिन पूर्ण निरुपयोगी. पक्ष्यात मोजायचं ते रक्तातलं युरिक आम्ल, आणि गिधाडात औषधानंतर एका दिवसातच ते प्रचंड चढतं. दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. गायीला, रॅटला, माणसाला सोसणारं औषध एका पक्ष्याला किलोमागे मिलिग्रॅमच्या दशांशात मारतं, हे कुठल्याही ठरीव चाचणीत दिसलं नसतं, कारण ठरीव चाचणीच्या यादीत गिधाड नव्हतंच. मग पर्यायाचा शोध सुरू झाला आणि त्यात प्राण्यांवरचे प्रयोग अटळ ठरले. मेलॉक्सिकॅम आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर तपासलं. बरेचसे पक्षी जखमी, परत रानात सोडता न येणारे होते. मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवली, युरिक आम्ल वाढलं नाही, २००६ साली निकाल आला. त्याच वर्षी भारताने जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. माणसांच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जात होत्या म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणली. एसिक्लोफिनॅक गायीच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं हे संशोधनातून पुढे आलं. ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाली, निमेसुलाइडवर डिसेंबर २०२४ मध्ये बंदी आली. टॉल्फेनॅमिक आम्ल गिधाडांना सोसतं असं चाचण्यांत दिसलं आहे.

एकेक औषध बंद व्हायला वर्षं गेली. माझ्या मते यातली मूळ चूक क्रमाची आहे. जनावरांचं वेदनाशामक बाजारात आणण्याआधी ते मढी खाणाऱ्या पक्ष्यांना सोसतं का, हे सिद्ध करायची जबाबदारी उत्पादकावर हवी. आज पक्षी मेल्यावर सिद्ध करायची जबाबदारी संशोधकांवर पडते. रायगडात म्हसळ्याच्या बाजूला आणि पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ नाणोलीच्या कड्यावर गिधाडांनी घरटी टिकवून धरली. त्यांना आणखी एक चूक परवडणारी नाही.

कधी कधी प्राण्यांच्या किडनीने माणसाला आधी सावध केलं आणि माणसाने ऐकलं नाही. २००७ साली अमेरिकेत पाळीव कुत्री-मांजरं किडनी निकामी होऊन मरू लागली. त्यांच्या तयार खाद्यात प्रथिनांचा आकडा फुगवायला मेलामाइन मिसळलं होतं. सायन्युरिक आम्लाशी त्याचे स्फटिक होऊन नलिका तुंबत होत्या. वर्षभरात, २००८ मध्ये, तेच मेलामाइन चीनमध्ये लहान मुलांच्या दूधभुकटीत सापडलं. जवळपास तीन लाख मुलं आजारी पडली, सहा दगावली.

पाळीव प्राण्यांसाठी लवकरची खूण आज खरोखर हाताशी आहे. एसडीएमए हा प्रथिनांच्या मोडतोडीतून येणारा पदार्थ. तो स्नायूंच्या आकारावर अवलंबून नसतो आणि किडनीचं काम सरासरी ४० टक्के घटलं तरी वाढलेला दिसतो. २०१५ पासून कुत्र्यामांजरांसाठी तो बाजारात आला. बारामती-इंदापूरच्या द्राक्षपट्ट्यातल्या कुत्रं पाळणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची किडनी एक-दोन दिवसांत बंद पडू शकते. त्यातलं टार्टारिक आम्ल हे कारण असावं असं २०२१ पासून मानलं जातं, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. अशा वेळी उलटी-जुलाब थांबायची वाट न पाहता त्याच दिवशी सलाइनची सोय असलेला दवाखाना गाठावा.

माणसांच्या बाजूला महाराष्ट्राची एक जुनी जखम आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. १४ रुग्ण किडनी निकामी होऊन गेले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीची आणि तपासणीची सगळी साखळी उघडी केली. याच द्रवाने १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या औषधातून १०५ जणांचा बळी घेतला होता. ते औषध विकण्याआधी एकाही प्राण्याला दिलं गेलं नव्हतं. त्यानंतर शिकागोत रॅट, ससे, कुत्र्यांवर प्रयोग करून विष कोणतं ते ठरलं. त्या कामात तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या फ्रान्सिस केल्सी होत्या, ज्यांनी पुढे थॅलिडोमाइड या घातक औषधाला अमेरिकेत अडवलं. १९३८ च्या अमेरिकन कायद्याने सुरक्षेचा पुरावा सक्तीचा झाला. आणि तरी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने २० हून अधिक मुलं गेली. त्यांतल्या अनेकांना नागपुरात उपचारांसाठी आणलं होतं. ०.१ टक्क्याची मर्यादा असताना त्या औषधात ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल होतं. मला यात एक फरक स्पष्ट मांडायचा आहे. नव्या रेणूचा किडनीवर काय परिणाम होईल हे शोधायला प्राण्यांची नि नव्या खुणांची गरज पडू शकते. ग्लिसरीनच्या पिंपात काय आहे हे कळायला मात्र एकही उंदीर लागत नाही. कच्च्या मालाची रासायनिक तपासणी पुरते. ती न केल्याबद्दल विज्ञानाच्या मर्यादेची सबब चालणार नाही.

आता फडाकडे. मध्य अमेरिकेत, विशेषतः निकाराग्वा आणि एल साल्वादोरमध्ये, ऊसतोड मजुरांत किडनीचा एक आजार पसरला आहे. ना मधुमेह, ना रक्तदाब. तरणीताठी माणसं डायलिसिसवर जातात. उष्णता, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम ही कारणं सर्वांत पुढे आहेत. कीटकनाशकं आणि जड धातूंवरही अभ्यास चालू आहे. निकाराग्वातल्या मजुरांची लघवी हंगामाच्या आधी आणि शेवटी तपासली तेव्हा एनगॅलसारख्या खुणा हंगामात वाढलेल्या दिसल्या, त्याही उन्हात राबणाऱ्यांत जास्त. लघवीतलं अल्ब्युमिन तितकं वाढलं नव्हतं. मधुमेही रुग्णांसाठी आपण जी पट्टी वापरतो ती इथे अपुरी पडते, हा याचा अर्थ.

याला जोडून २०१४ मध्ये माऊस जातीच्या छोट्या उंदरांवर झालेला प्रयोग प्रत्येक मुकादमाला सांगावा असा आहे. उंदरांना पाच आठवडे रोज काही तास उष्णतेत ठेवलं. एका गटाला दिवसभर पाणी दिलं, दुसऱ्याला दिवसाचं ऊन संपल्यावर. उशिरा पाणी मिळालेल्या गटाच्या किडनीत सूज आणि व्रण आले, जरी त्यांनी नंतर पाणी भरपूर पिऊन घेतलं होतं. फ्रुक्टोज मोडणारं एक एन्झाइम जन्मतःच नसलेल्या उंदरांना मात्र ही इजा टळली. पाण्याविना राहिलेलं शरीर स्वतःच फ्रुक्टोज बनवतं आणि ते नलिकेत जाळताना इजा होते, असा त्याचा उलगडा. रॅटवरच्या दुसऱ्या प्रयोगात तहान भागवायला शीतपेयासारखं गोड पाणी दिलं तर नुकसान वाढलं. संध्याकाळी खोपीवर आल्यावर पोटभर पाणी प्यायलं म्हणजे भरपाई झाली, हा समज त्यामुळे टिकत नाही. पाणी कामाच्या दरम्यान हवं, आणि साधं हवं.

आपल्याकडे बीड, अहिल्यानगर, जळगावकडून येणाऱ्या कोयत्यांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास फडावर उतरतात आणि थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत राबतात. हंगामाचे शेवटचे आठवडे म्हणजे फेब्रुवारी-मार्चचं ऊन. बायका लघवीला आडोसा नाही म्हणून पाणी कमी पितात, ही गोष्ट फडाशी संबंध असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. त्यांच्या किडनीची मोजदाद का व्हावी, याला आणखी वेगळं कारण शोधायची गरज नाही.

आणि साधनं जवळ आहेत. माळेगाव खुर्द इथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवर आणि जनावरांवर होणारा ताण हाच तिचा विषय. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. उष्णतेत ठेवलेल्या शेळीमेंढीची किडनी आणि उन्हात राबणाऱ्या माणसाची किडनी यांचा एकत्र अभ्यास करायला याहून योग्य तालुका महाराष्ट्रात शोधावा लागेल. महागड्या किटवाचून अडू नये. नलिकेच्या पेशींच्या काठावर जीजीटी नावाचं एन्झाइम असतं. इजा झाली की ते लघवीत उतरतं, आणि मेंढ्या-घोड्यांत जेंटामायसिनची इजा ओळखायला त्याचं क्रिएटिनिनशी प्रमाण वापरलं गेलं आहे. यकृताच्या तपासणीसाठी जीजीटीचं रसायन बहुतेक लॅबमध्ये असतंच. नमुना गार ठेवून त्याच दिवशी तपासायचा, एवढं पथ्य.

प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिक बाजूबद्दल माझी भूमिका अशी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली देशात समिती आहे, १९९८ चे नियम आहेत, प्रत्येक संस्थेत नीतिसमितीची परवानगी लागते. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र, पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा, आज सर्वमान्य आहे. लवकरच्या खुणांनी त्यातल्या संख्येवर खरोखर फरक पडतो. पूर्वी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी किडनी पाहायला दर वेळी वेगळे उंदीर मारावे लागत. आता त्याच उंदराची लघवी पुन्हा पुन्हा तपासता येते. पर्यायही उभे राहत आहेत. मानवी मूळपेशींपासून वाढवलेल्या किडनीच्या छोट्या गोळ्यांना जेंटामायसिन, सिस्प्लॅटिन दिलं तर त्यांच्यावरही किम-१ उगवतं, हे २०१५ मध्ये दिसलं. अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये औषध-चाचणीच्या नियमांत अशा पद्धतींना जागा दिली. जिथे हा पर्याय पुरतो तिथे प्राणी वापरणं थांबलं पाहिजे. गिधाडासारख्या प्रश्नात तो अजून पुरत नाही, आणि तिथे केलेला प्रयोग हजारो पक्षी वाचवतो. पण प्रयोग करून निष्कर्ष कपाटात ठेवणं मला प्रयोगाइतकंच गंभीर वाटतं.

म्हणून काही मागण्या, नाव घेऊन. सुपे, मोरगाव, इंदापूरकडच्या पशुपालकांनी जनावराला वेदनाशामक देताना डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक आम्ल मागावं, आणि उपचार चालू असताना मेलेलं जनावर उघड्यावर न टाकता पुरावं. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती या तिन्ही कारखान्यांनी येत्या हंगामात टोळ्या उतरताच आणि हंगाम संपून पट्टा पडण्याआधी प्रत्येक तोडकऱ्याची लघवी नि क्रिएटिनिन तपासून दोन्ही आकडे त्याच्या हातात द्यावेत. फडावर दर तासाला साधं पाणी, दुपारी सावलीतली सुटी आणि बायकांसाठी आडोशाची सोय करावी. नमुने तपासायची जबाबदारी बारामतीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने उचलावी, आणि पहिल्याच हंगामाचे आकडे मजुरांच्या गावी, बीडपर्यंत, पोचवावेत.